रंजक, काडतूस आणि सरकारची सनद

सन १८०६ च्या वसंतात स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशायर परगण्यातून एक धर्मोपदेशक लंडनला आला. त्याच्या सामानात त्याने स्वतःच्या हातांनी घडविलेला बंदुकीचा एक चाप होता. अलेक्झांडर जॉन फोर्साइथ हे त्याचे नाव. वडिलांच्या पश्चात १७९१ पासून तो बेलहेल्वी या गावाच्या चर्चचा कारभार पाहत होता, आणि त्या कारभारातून उरलेला वेळ त्याने दोन छंदांना वाहिला होता. एक छंद रसायनशास्त्राचा आणि दुसरा पाणपक्ष्यांच्या शिकारीचा. वरवर पाहता या दोहोंत कसलेही नाते नाही, पण त्यांच्या संगमातून जी वस्तू निर्माण झाली तिने पुढील अर्धशतकात जगातील बहुतेक फौजांच्या बंदुका बदलून टाकल्या.

त्या काळच्या चकमकीच्या बंदुकीची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. नळीच्या बुडाशी एक बारीक छिद्र असे, तो बंदुकीचा कान. कानाबाहेर एक लहानशी वाटी, आणि तीत चिमूटभर बारीक दारू. या दारूला आपल्याकडचे गोलंदाज आणि बरकंदाज ‘रंजक’ म्हणत. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा आवळलेला असे. चाप ओढला की घोडा पोलादी पट्टीवर आपटे, ठिणग्या रंजकीत पडत, रंजक भडके, तिची ज्वाला कानातून आत शिरे आणि तेव्हा कुठे नळीतली मुख्य दारू पेटून गोळी सुटे. रंजकीचा भडका आणि गोळीचे सुटणे यांत निमिषाचे अंतर राही, आणि पाणपक्ष्याला तेवढे पुरे होई. भडका दिसताच तो बुडी मारी आणि छर्रे पाण्यावर वाया जात. पावसात किंवा दमट हवेत तर रंजक पेटेच ना. फोर्साइथच्या मनाने घेतले की ही रंजकच नाहीशी करता आली पाहिजे.

साधन नुकतेच हाती आले होते. १८०० साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञाने पाऱ्याच्या फल्मिनेटचे वर्णन रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. या जातीच्या पदार्थांना पेटण्यासाठी ठिणगी लागत नाही, नुसता आघात पुरतो. नळीत मुख्य दारू म्हणून ते वापरावेत तर बंदूकच फुटून जाते. फोर्साइथची कल्पकता अशी की मुख्य दारूच्या वाटेला न जाता केवळ रंजकीच्या जागी त्याने असा स्फोटक पदार्थ कणभर योजला. अत्तराच्या कुपीसारखी दिसणारी एक छोटी डबी त्याने बंदुकीच्या कानाशी अशी बसविली की ती फिरविली म्हणजे चूर्णाचे मोजके कण जागेवर पडावेत आणि घोड्याचा घाव बसताच त्यांची ज्वाला सरळ आत जावी. उघड्यावरचा भडका गेला, पावसाची भीती गेली, आणि निमिषाचा तो विलंबही गेला.

लंडनमध्ये त्याची गाठ तोफखान्याचा सर्वाधिकारी लॉर्ड मॉयरा याच्याशी पडली. मराठी वाचकाने हे नाव लक्षात ठेवावे, कारण हाच मॉयरा पुढे लॉर्ड हेस्टिंग्ज या नावाने हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला आणि त्याच्याच अमदानीत १८१८ साली पेशवाई बुडाली. मॉयराला चापाचे महत्त्व तत्काळ उमगले. त्याने फोर्साइथला टॉवर ऑफ लंडनमध्ये कारखान्याची जागा आणि कारागीर दिले आणि करार ठरविला. नव्या चापामुळे सरकारची दारूची जी बचत होईल, तिच्या दोन वर्षांच्या किमतीइतकी रक्कम शोधकाला मिळावयाची होती. गावची प्रार्थना पर्यायी उपदेशकाच्या हवाली करून हा गृहस्थ राजधानीत काम करीत राहिला. इतक्यात १८०७ च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळ कोसळले, मॉयराच्या जागी लॉर्ड चॅटम आला, आणि त्याने प्रयोग बंद करून तो सगळा पसारा टॉवरमधून उचलून नेण्याचा हुकूम फर्मावला. ११ एप्रिल १८०७ रोजी फोर्साइथने आपल्या शोधाचे पेटंट घेतले. त्याचा मसुदा तयार करण्याच्या कामी वाफेच्या यंत्राचा शिल्पकार जेम्स वॅट याने त्याला साहाय्य केले होते.

पेटंट म्हणजे मुळात खुली सनद. शोधकाने आपली युक्ती कागदावर स्वच्छ लिहून सर्वांसाठी खुली करावी आणि बदल्यात राज्यसत्तेने ठराविक मुदतीपर्यंत ती वापरण्याचा मक्ता त्याच्या एकट्याच्या पदरात घालावा, असा हा सौदा आहे. इंग्लंडमध्ये या सौद्याला कायद्याचे रूप १६२४ साली आले. राजाने मर्जीतल्या दरबाऱ्यांना मिठापासून पत्त्यांपर्यंत वाटेल त्या वस्तूंचे इजारे बहाल केल्यामुळे प्रजा गांजली होती, म्हणून पार्लमेंटाने ते सारे इजारे रद्द केले आणि केवळ नवीन शोधाला १४ वर्षांची सनद राखून ठेवली. चौदाच वर्षे का, तर उमेदवारीची मुदत सात वर्षांची असे आणि तिच्या दुपटीत नवी विद्या कारागिरांच्या दोन पिढ्यांना शिकवून होई.

परंतु याच कायद्यात एक अपवाद होता. सोरा खणून काढणे, बंदुकीची दारू बनविणे, तोफा ओतणे आणि त्यांचे गोळे घडविणे यांविषयीच्या राजाच्या सनदांना हा कायदा लागू नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. प्रजेच्या उद्योगाला जो न्याय लागू झाला, त्यातून राजाचा दारूखाना वगळला गेला. सोऱ्यासाठी सरकारी माणसे लोकांच्या गोठ्यांची आणि घरांची जमीन उकरीत. बिहारचा सोरा कंपनीच्या गलबतांतून मुबलक येऊ लागला तेव्हा कोठे हा जाच संपला. माझ्या मते दारूगोळ्याच्या पेटंटांचा पुढील सर्व इतिहास या एका अपवादात बीजरूपाने साठलेला आहे. एरवी पेटंटधारकाला हजार गिऱ्हाइके असतात. एकाने नाडले तर दुसरा असतो, आणि कोणी चोरी केली तर दाद मागायला राजसत्ता असते. तोफेला आणि फौजी बंदुकीला गिऱ्हाईक एकच, सरकार. सनद देणारे तेच, माल घेणारे तेच, आणि सनद मोडली तर मोडणारेही तेच. शोधकाने फिर्याद कोणाकडे न्यावी?

ही कोंडी फोर्साइथच्या आधीच्यांनीही अनुभवली होती. १७१८ साली जेम्स पकल या लंडनच्या वकिलाने ४१८ क्रमांकाचे पेटंट घेतले. तिवईवर बसविलेली आणि फिरत्या खणांतून एकामागून एक बार काढणारी ती बंदूक होती. सनदेबरोबर शोधाचा तपशील लिहून देण्याची प्रथा तेव्हा रुळत होती, आणि पकलच्या पेटंटाची आकृतीसह छापलेली ती कैफियत आज उपलब्ध असलेल्या आरंभीच्या नमुन्यांपैकी एक आहे. त्या आकृतीत दोन प्रकारचे खण दाखविले आहेत. ख्रिस्ती शत्रूंसाठी गोल गोळ्या आणि तुर्कांसाठी चौकोनी गोळ्या, कारण चौकोनी गोळीची जखम अधिक भयंकर होते. माणसामाणसांत असा भेद एका कायदेपंडिताने स्वस्थ चित्ताने रेखाटावा आणि त्यावर राजमुद्रा उमटावी, हे वाचताना आजही मन विषण्ण होते. १७२२ साली भर पावसात या बंदुकीने सात मिनिटांत ६३ बार काढून दाखविले. तरीही सरकारने ती घेतली नाही, आणि सरकारने नाकारलेल्या फौजी शस्त्राला दुसरे गिऱ्हाईक नसल्याने पकलचा उद्योग बुडाला.

याच्या उलट वाट हेन्री श्रॅप्नेलची. तो तोफखान्यातलाच अंमलदार. गोळ्याच्या पोटात छर्रे भरून तो शत्रूच्या माथ्यावर हवेतच फोडावयाचा, ही त्याची कल्पना फौजेने १८०३ मध्ये स्वीकारली. त्याने पेटंटाऐवजी सरकारी मर्जीवर भिस्त ठेवली, आणि १८१४ साली त्याला वार्षिक १२०० पौंडांचे निवृत्तिवेतन बांधून मिळाले. विल्यम काँग्रीव्हच्या अग्निबाणांची तर मूळ कल्पनाही इंग्लंडची नव्हती. म्हैसूरच्या फौजेतील लोखंडी नळ्यांचे बाण १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणाच्या पाडावानंतर लंडनजवळच्या वुलिचच्या सरकारी शस्त्रागारात नेण्यात आले आणि त्यांच्या अभ्यासातून काँग्रीव्हचे बाण जन्मले. ज्या बाणदारांनी आणि लोहारांनी ती विद्या मुळात सिद्ध केली, त्यांना सनद ठाऊक नव्हती आणि ठाऊक असती तरी कोणी दिली नसती.

फोर्साइथचे पेटंट न्यायालयात भक्कम ठरले. आघाताने पेटणाऱ्या रंजकीचे तत्त्वच त्याने सनदेत गोवले होते, म्हणून चापाची निराळी तऱ्हा काढणाऱ्या बंदूकवाल्यांनाही त्याने रोखले आणि १८१९ सालचा रिव्हिएरविरुद्धचा दावा जिंकला. परंतु फौजेने त्याच्याकडून काहीच घेतले नाही. १८२१ मध्ये चौदा वर्षे भरली आणि शोध सर्वांचा झाला. दरम्यान डबीच्या जागी तांब्याची इवलीशी टोपी आली. तिच्या तळाशी स्फोटक द्रव्याचा लेप देऊन ती नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ बोंडावर बसवीत. आपल्याकडची केपाची बंदूक ती हीच. मुदत संपून तेरा वर्षे लोटल्यावर, १८३४ साली, वुलिचला सरकारने दोन्ही जातींच्या बंदुकांची रीतसर कसोटी घेतली. प्रत्येकीचे ६००० बार काढण्यात आले. त्यांत चकमकीच्या बंदुका ९२२ वेळा फुसक्या गेल्या आणि टोपीच्या अवघ्या ३६ वेळा.

या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे माणसांचे जीव होत. १८४१ साली चीनमध्ये कँटनजवळ मद्रासच्या ३७ व्या पलटणीची एक तुकडी वादळी पावसात सापडली. तिच्याजवळ चकमकीच्याच बंदुका होत्या आणि रंजक भिजल्यामुळे एकही बार निघेना. चहूकडून वेढल्या गेलेल्या त्या शिपायांची सुटका टोपीच्या बंदुका घेतलेल्या आरमारी शिपायांच्या दोन तुकड्यांनी केली. गोऱ्या फौजेला नवे हत्यार आणि काळ्या शिपायाला जुने, हा कंपनीचा रिवाज होता, आणि त्याची किंमत त्या दिवशी मद्रासच्या शिपायांना मोजावी लागली.

आणखी बारा वर्षांनी नवे हत्यार निघाले, पुढे ते हिंदी शिपायासाठीही ठरले, आणि त्याने इतिहासच पालटला. १८५३ च्या एनफील्ड बंदुकीच्या नळीत आतून पेचदार खाचा होत्या, त्यामुळे गोळी गरगरत जाई आणि तिचा नेम व पल्ला दोन्ही वाढत. पण गोळी खाचांत घट्ट बसली तर ती नळीच्या तोंडाकडून ठासणार कशी, हा जुना पेच होता. तो सोडविला बुडाशी पोकळ असणाऱ्या गोळीने. ती नळीत सैल उतरे आणि दारूच्या दाबाने बूड फुगले की खाचांत चपखल बसे. हिचे श्रेय फ्रान्सच्या क्लोद मिनिए याला मिळाले आणि ब्रिटिश सरकारने त्याला २०,००० पौंड दिले. बर्मिंगहॅमचा बंदूककार विल्यम ग्रीनर याने हेच तत्त्व पूर्वीच सरकारपुढे मांडले होते. ते तेव्हा नाकारले गेले. पुष्कळ खटपटीनंतर, १८५७ साली, त्याच्या हातावर १००० पौंड ठेवण्यात आले.

या बंदुकीची दारू आणि गोळी कागदाच्या एका सुरळीत बांधलेली असे. काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांमार्फत आलेला आहे. काडतुसाचे टोक दातांनी तोडावयाचे, दारू नळीत ओतावयाची आणि गोळीचा वंगण लावलेला भाग आत सारून गजाने ठासावयाचा, ही कवायत. वंगण कशाचे, या प्रश्नाने १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या दमदमच्या छावणीत पेट घेतला. वरसईचे विष्णुभटजी गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेस निघाले असता महूच्या परिसरात शिपायांच्या तोंडून ही काडतुसांचीच वार्ता त्यांच्या कानी पडली, हे ‘माझा प्रवास’ वाचलेल्यांना आठवत असेल. बंडाची कारणे अनेक आणि खोल होती, परंतु एका यांत्रिक रचनेतला लहानसा तपशील, म्हणजे गोळी सुलभ उतरावी म्हणून लावलेली चरबी, ती ठरविताना ज्याने ती दातांशी धरावयाची त्याच्या धर्मभावनेचा विचार कोणीही केला नाही, हा अभियांत्रिकीचाच दोष होय असे मी मानतो.

ठासणीचे युग यानंतर झपाट्याने संपले. ज्याने ते संपविण्यास हातभार लावला त्या जेकब स्नायडरची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे, कारण ती मोठी दुःखाची आहे. फिलाडेल्फियाच्या या अमेरिकन गृहस्थाने जुन्या एनफील्डच्या बुडाशी बिजागरीचे झाकण बसवून ती मागून भरण्याची युक्ती काढली. लाखो जुन्या बंदुका भंगारात न काढता नव्या होणार होत्या. सरकारने १८६६ मध्ये ती स्वीकारली, मात्र मोबदल्याची घासाघीस चालू ठेवली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्नायडर कर्जबाजारी अवस्थेत वारला. त्याच्या नावाची बंदूक पुढे साम्राज्यभर गेली. तिच्यासाठी पितळी पत्र्याचे काडतूस वुलिचच्या प्रयोगशाळेचा अधीक्षक कर्नल एडवर्ड बॉक्सर याने सिद्ध केले. सरकारी वेतन घेत असता स्वतःच्या नावे पेटंटे घेतल्याबद्दल त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला आणि त्याला पद सोडावे लागले.

पितळी काडतुसाने सगळे बदलले. दारू, गोळी आणि रंजक ही तिन्ही एकाच हवाबंद डबीत सामावली. १८६९ साली पुण्याजवळ खडकीला काडतुसांचा कारखाना निघाला. तेथील जुन्या काडतुसाचे रिकामे पितळ हाती आले तर ते उलटे करून पाहावे. बुडावर गोलाकार कोरलेली ‘के’ आणि ‘एफ’ ही रोमन अक्षरे दिसतील. ती खडकीच्या कारखान्याची निशाणी. आणि मध्यभागी एक लहान वाटोळी टोपी असते, तिच्यावर बंदुकीच्या सुईचा खोल ठसा असतो. ती टोपी म्हणजे फोर्साइथची डबीच, आकसून वाटाण्याहून लहान झालेली.

कायद्याची स्थिती मात्र अजून १६२४ चीच होती. १८६५ मध्ये फेदर नावाच्या पेटंटधारकाने जहाजबांधणीतील आपला शोध आरमाराने वापरला म्हणून सरकारविरुद्ध दाद मागितली, तेव्हा न्यायालयाने निकाल दिला की राजाने दिलेली सनद राजावर बंधनकारक नसते. म्हणजे सरकारने फुकट वापरावे आणि शोधकाने स्वस्थ बसावे. त्याहीपूर्वी, १८५९ मध्ये, युद्धसाहित्याचे पेटंट युद्धमंत्र्याच्या नावे करून गुप्त ठेवण्याची तजवीज कायद्याने झाली होती. ज्या सनदेचा आत्माच खुलेपणा, ती मोहोरबंद पाकिटात गेली. १८७६ मध्ये लॉर्ड्सनी, म्हणजे अखेरचे अपील ऐकणाऱ्या लॉर्ड्सच्या सभागृहाने, एवढी सवलत दिली की सरकारला मक्त्याने बंदुका पुरविणारी खाजगी कंपनी म्हणजे सरकार नव्हे, तिला पेटंट मोडता येणार नाही. सरकारवर पेटंट बंधनकारक ठरले ते १८८३ च्या कायद्याने, आणि तेथेही मोबदला परस्पर न जमल्यास तो सरकारच्या खजिनदारांनीच ठरवावयाचा होता.

या नव्या कायद्याची खरी परीक्षा आल्फ्रेड नोबेलने पाहिली. काळी बंदुकीची दारू जळताना अर्ध्याहून अधिक वस्तुमान धूर आणि काजळी होऊन जाते. तोफेच्या पहिल्या सरबत्तीनंतर रणांगण दिसेनासे होई. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने नायट्रोसेल्युलोजपासून धूरविरहित दारू बनविली. नोबेलने १८८७ मध्ये एक धाडसी मिश्रण केले. नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रोसेल्युलोज हे दोन्ही प्रचंड स्फोटक पदार्थ, पण एकमेकांत मुरवले की शिंगासारखा कठीण, सावकाश व नियमित जळणारा पदार्थ होतो. त्याला त्याने बॅलिस्टाइट म्हटले आणि १८८८ मध्ये ब्रिटिश पेटंट घेतले. त्यात नायट्रोसेल्युलोज कोणते घ्यावयाचे हे सांगताना त्याने लिहिले, की ते सुपरिचित विद्राव्य जातीचे असावे.

त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने उत्तम धूरविरहित दारू शोधण्यासाठी समिती नेमली. सर फ्रेडरिक ॲबल तिचे अध्यक्ष आणि जेम्स ड्यूअर सदस्य. दोघेही नोबेलच्या परिचयाचे होते. समितीने मागितलेली माहिती आणि नमुने नोबेलने मोकळ्या मनाने दिले, आपल्या संशोधनाची प्रगती कळवली. १८८९ मध्ये ॲबल आणि ड्यूअर यांनी स्वतःच्याच नावे कॉर्डाइटचे पेटंट घेऊन ते युद्धमंत्र्याकडे सुपूर्द केले. कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलीन होते. गनकॉटन म्हणजे नायट्रोसेल्युलोजच, पण अधिक नायट्रेट झालेले, ईथर आणि मद्यार्काच्या मिश्रणात न विरघळणारे. ते विरघळविण्यास ॲसिटोन वापरले की पिठाच्या मऊ गोळ्यासारखा लगदा होई, आणि शेवयांच्या साच्यातून शेवया काढाव्यात तशी त्याची लांब सूत्रे काढीत. दोरीसारख्या त्या सूत्रांवरूनच कॉर्डाइट हे नाव पडले.

नोबेलच्या कंपनीने सरकारी कारखान्यांचा मुख्य अधिकारी अँडरसन याच्याविरुद्ध खटला भरला. हायकोर्टात हार, अपील कोर्टात हार, आणि १८९५ मध्ये लॉर्ड्सपुढेही हार झाली. सगळा वाद ‘विद्राव्य’ या एका विशेषणावर फिरला. नोबेलने विद्राव्य जात म्हटली, कॉर्डाइटमध्ये अविद्राव्य आहे, म्हणून पेटंटाचा भंग झाला नाही, हा निकाल. शब्दांच्या तराजूत तो कदाचित बरोबर असेल. परंतु अपील कोर्टातील न्यायमूर्ती के यांनी निकाल विरुद्ध देतानाही नोबेलविषयी सहानुभूती प्रकट केली. राक्षसाच्या खांद्यावर चढलेला बुटका राक्षसाहून दूरचे पाहू शकतो, या आशयाचा दृष्टान्त त्यांनी दिला. तेव्हा मूळ शोध कोणाचा, याविषयी त्यांच्याही मनात संदेह नसावा. या दाव्यापायी २८,००० पौंड खर्च झाला. नोबेलने व्यथित होऊन ‘द पेटंट बॅसिलस’ नावाचे एक छोटे प्रहसन लिहावयास घेतले, आणि १० डिसेंबर १८९६ रोजी तो निवर्तला. शांततेच्या पारितोषिकासाठी संपत्ती ठेवून जाणारा मनुष्य आयुष्याची अखेरची वर्षे दारूच्या पेटंटाच्या कज्ज्यात घालवतो, हे विसंगत वाटेल. मला ते तसे वाटत नाही. त्याला पैसा नको होता, आपले श्रेय हवे होते.

कॉर्डाइटचे धागे आपल्याही भूमीत पोहोचले. निलगिरीतील अरुवनकाडू येथे १९०४ मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला. पहिल्या महायुद्धात ॲसिटोनचा दुष्काळ पडला तेव्हा विलायतेत शाळकरी मुलांना चेस्टनटची रानटी फळे वेचण्यास लावले गेले, आणि इकडे मोहाच्या फुलांपासून ॲसिटोन काढण्यासाठी सरकारने नाशिकला कारखाना उभारला. मोहाच्या झाडाखाली टोपली घेऊन वाकलेली आदिवासी बाई आणि फ्लँडर्सच्या चिखलातली तोफ यांच्यामधला हा धागा आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत कुठे दिसत नाही. तो दिसावयास हवा.

त्याच महायुद्धाने पेटंटाच्या व्यवहाराचे एक असे रूप दाखविले की ज्याचा उल्लेख टाळता येत नाही. तोफगोळा किती वेळाने फुटावा हे ठरविणारा, गोळ्याच्या टोकावर बसणारा फ्यूज, त्याची जर्मनीच्या क्रुप कंपनीची पेटंटे वापरण्यासाठी इंग्लंडच्या व्हिकर्स कंपनीने १९०२ मध्ये करार केला होता. दर फ्यूजमागे १ शिलिंग ३ पेन्स द्यावयाचे ठरले होते. १९१४ मध्ये युद्ध पेटले, पैसे देणे थांबले, फ्यूज बनविणे थांबले नाही. त्यांच्यावर क्रुपच्या पेटंटाची खूणही उमटत राहिली. युद्ध संपताच क्रुपने हिशेब पाठविला, २,६०,००० पौंडांचा. अखेर १९२६ मध्ये ४०,००० पौंडांवर तडजोड झाली. हे पैसे ज्या गोळ्यांपोटी दिले गेले, ते गोळे जर्मन पोरांच्या अंगावर पडले होते. करार म्हणून ही मागणी कायदेशीर होती. तरीही कायदेशीर आणि उचित या दोन शब्दांतले अंतर याहून ठळक करणारे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता आपल्याकडे वळू. हिंदुस्थानात पेटंटाचा पहिला कायदा १८५६ चा, म्हणजे काडतुसांच्या वर्षाच्या आदल्या वर्षाचा. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंगचा होता, आणि तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी होता. राणीची पूर्वसंमती घेतली नव्हती म्हणून तो कायदा रद्द झाला आणि १८५९ मध्ये नवा आला. स्वतंत्र भारताने १९७० साली स्वतःचा पेटंट कायदा केला. त्याच्या ३५ व्या कलमान्वये संरक्षणाशी संबंधित शोध प्रसिद्ध न करण्याचा आदेश पेटंट नियंत्रक देऊ शकतो. १०० व्या कलमान्वये सरकार कोणाचाही शोध सरकारी कामासाठी वापरू शकते. अर्जाच्या अग्रक्रमाच्या तारखेपूर्वीच तो शोध सरकारी दप्तरात नोंदलेला असेल किंवा सरकारने पारखलेला असेल तर मोबदला द्यावा लागत नाही, एरवी तो द्यावा लागतो, आणि रकमेवर एकमत झाले नाही तर १०३ व्या कलमाखाली उच्च न्यायालयात जाता येते. फेदरला १८६५ मध्ये न मिळालेला हक्क तो हाच.

फोर्साइथने मात्र उभ्या आयुष्यात न्यायालयात सरकारला कधी खेचले नाही. तो बेलहेल्वीला परतला, मरेपर्यंत तेथेच उपदेशक राहिला. साऱ्या ब्रिटिश फौजेच्या बंदुका त्याच्या तत्त्वावर बदलल्या जात असता, १८४२ मध्ये, सरकारने त्याला २०० पौंड दिले. ही रक्कम अपुरी असल्याची जाणीव पुढच्या वर्षी होऊन आणखी १००० पौंड मंजूर झाले. ते त्याच्या नातेवाइकांना मिळाले, कारण ११ जून १८४३ रोजी तो वारला होता.